पोस्टर राहू दे, आधी यादी काढ

प्रश्न थोडक्यात असा: "अमेरिकेच्या दक्षिणेतल्या एका मोठ्या सरकारी विद्यापीठात शिकते. आई-बाबा मूळचे पुण्याचे. आमच्या सोरोरिटीच्या चॅप्टरमध्ये 140 मुली आहेत, त्यात गोऱ्या नसलेल्या आम्ही सहाजणी. नोव्हेंबरच्या निवडणुकीत 'डायव्हर्सिटी अँड इन्क्लुजन'ची व्हाइस प्रेसिडेंट म्हणून निवडून आले आहे. हातात एक वर्ष आहे. नुसता देखावा न होता काही बदलायचं असेल तर सुरुवात कुठून करू?"

दिवाळी नाइट, इन्स्टाग्रामवर सगळ्या रंगांच्या मुलींचा एकत्र फोटो, बाहेरून वक्ता बोलावून तासभराचं व्याख्यान. या पदावर आलेली जवळजवळ प्रत्येक मुलगी पहिल्या दोन महिन्यांत हेच करते. वर्ष संपताना यादीत पुन्हा सहाच नावं असतात, कधी पाच. कारण कोण आत येतं आणि कोण टिकतं हे वेगळ्याच तीन ठिकाणी ठरतं: रिक्रूटमेंटच्या (म्हणजे नव्या सभासदांच्या निवडीच्या) पहिल्या फेरीनंतरच्या रात्री, खजिनदाराच्या बिलात, आणि आत आल्यानंतरच्या पहिल्या सहा-आठ महिन्यांत. तुझं वर्ष या तीन जागी घाल.

भारतातल्या वाचकांसाठी दोन ओळी. सोरोरिटी म्हणजे ग्रीक अक्षरांच्या नावाची मुलींची सभासद-संस्था. तिचं राष्ट्रीय मुख्यालय असतं, विद्यापीठोविद्यापीठी चॅप्टर, म्हणजे शाखा, असतात आणि मोठ्या विद्यापीठांत चॅप्टरचं स्वतःचं राहायचं घर असतं. यातल्या जुन्या, बहुतांश गोऱ्या 26 संस्थांची शिखर संघटना म्हणजे 1902 साली स्थापन झालेली नॅशनल पॅनहेलेनिक कॉन्फरन्स. कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या नऊ संस्थांची नॅशनल पॅन-हेलेनिक कौन्सिल वेगळी. ती 1930 साली हॉवर्ड विद्यापीठात उभी राहिली. नावं सारखी वाटली तरी घरं दोन आहेत, आणि ती दोन का झाली हे तुला पाठ हवं. अल्फा कप्पा अल्फा (1908), डेल्टा सिग्मा थीटा (1913), झीटा फाय बीटा (1920) आणि सिग्मा गामा ऱ्हो (1922) या चार सोरोरिटी कृष्णवर्णीय मुलींनी काढल्या तेव्हा बाकीच्यांची दारं त्यांना बंद होती. 1956 सालीसुद्धा कॉर्नेल आणि टफ्ट्सच्या मुलींनी कृष्णवर्णीय मैत्रिणीला आत घेतलं म्हणून सिग्मा कप्पाने आपल्याच त्या दोन चॅप्टरना निलंबित केलं होतं. म्हणजे मुली तयार आणि अडसर वरून. हा नमुना पुढेही भेटेल.

जानेवारीत आधी मोजणी कर. मागच्या तीन वर्षांच्या याद्या सेक्रेटरीकडे किंवा मुख्यालयाच्या पोर्टलवर असतात. त्यातून चार रकाने काढ: बिड (सभासदत्वाचं निमंत्रण) किती जणींना दिली, किती जणींनी स्वीकारली, किती जणींचं इनिशिएशन (विधिवत सभासद करून घेणं) झालं, आणि वर्षभरानंतर किती उरल्या. नाव किंवा फोटो बघून कोण कुठली हे स्वतः ठरवू नकोस. बिननावी प्रश्नावली काढ आणि ज्याचं त्याला लिहू दे. त्यातही मेख आहे. सहाजणींच्या गटात "आशियाई, दुसरं वर्ष, घरात राहत नाही" एवढं लिहिलं की ती तूच, हे सगळ्यांना कळतं. म्हणून एका वेळी एकच विभागणी कर आणि पाचपेक्षा लहान गटाचा आकडा कुठेही छापू नकोस.

या चार रकान्यांवरून तुझं वर्षभराचं काम ठरेल. समज, तीन वर्षांत गोऱ्या नसलेल्या चौदाजणी आल्या आणि उरल्या सहा. मग दोष दारात नाही, घागरीलाच भोक आहे, आणि ते न बुजवता आणखी मुली आणणं म्हणजे त्यांना फसवणं. उलट सहाच आल्या आणि सहाही टिकल्या असतील, तर काम रिक्रूटमेंटमध्ये आहे. सोडून गेलेल्यांशी वीस मिनिटं बोलून घे, पण ते बोलणं तू किंवा प्रेसिडेंटने करू नये. विद्यापीठाच्या ग्रीक लाइफ कार्यालयातली (या संस्थांचं काम बघणारं कार्यालय) किंवा दुसऱ्या चॅप्टरची सल्लागार चालेल. "वेळ जमत नव्हता" हे पहिलं उत्तर असतं. खरं उत्तर पंधराव्या मिनिटाला येतं, आणि ते बहुधा पैशाचं असतं.

आता रिक्रूटमेंट. घोडं पेंड खातं ते इथे, म्हणून जरा सावकाश सांगते.

पॅनहेलेनिकच्या पद्धतीत तीन-चार फेऱ्या असतात: ओपन हाऊस, समाजकार्याची फेरी, सिस्टरहूड आणि शेवटी प्रेफरन्स. प्रत्येक फेरीनंतर चॅप्टर आपली यादी देतं, मुलगी आपला पसंतीक्रम देते आणि संगणक दोन्ही जुळवतो. कोणत्या चॅप्टरने पुढच्या फेरीला किती जणींना बोलवायचं हा आकडा चॅप्टर ठरवत नाही. मागच्या वर्षांत बोलावल्यावर किती टक्के मुली परत आल्या यावरून तो काढून दिला जातो. ज्या चॅप्टरला मागणी जास्त, त्याला लवकर आणि जास्त नावं कापावी लागतात.

आकड्यांत बघ. समज, पहिल्या फेरीत 1000 मुली आल्या आणि तुम्हाला पुढच्या फेरीसाठी 550 चा आकडा मिळाला. एका रात्रीत 450 नावं कापायची. प्रत्येकीशी तुमच्या दोन मुली दहा-दहा मिनिटं बोलल्या आहेत. खोलीत गोंगाट, हातात पाण्याचा ग्लास, विषय "कुठली तू, मेजर काय". एवढ्या भांडवलावर 1 ते 5 गुण दिले जातात आणि बहुतेक सगळ्यांना 3 किंवा 4 मिळतात. मग 550 व्या आणि 551 व्या नावात फरक कशाने पडतो? आधीच्या ओळखीने. कुणीतरी म्हणतं, "हिला मी ओळखते, आमच्या शाळेतली आहे." कुणी चर्चच्या शिबिरातली, कुणाची मावशी याच सोरोरिटीची. वंशाबद्दल खोलीत कुणी एक वाईट शब्द काढत नाही आणि तरीही यादी गोरी होते. ज्या मुलीचे आई-वडील सोलापूरहून किंवा लागोसहून आले, तिच्यासाठी त्या खोलीत तोंड उघडणारं कुणी नसतं.

उपाय याच जागी करायचा. गुणांसोबत एका ओळीचं कारण सक्तीचं कर. कारण नसेल तर गुण मोजायचे नाहीत. कारण ती काय बोलली याबद्दल हवं. "शाळेत शिकवणी गट सुरू केला, तो कसा चालवला ते सांगितलं" हे कारण झालं. "छान व्हाइब" हे झालं नाही. "फिट" हा शब्द तर बंदच कर, तो रिकामा डबा आहे आणि ज्याला जे हवं ते त्यात भरता येतं. आधीची ओळख असलेल्या मुलीला ओळखीच्या सभासदाने गुण द्यायचे नाहीत. तिने फक्त नोंद करायची आणि गुण इतर दोघींनी द्यायचे. इन्स्टाग्राम खाती आधी चाळून याद्या बनवायची सवय असेल तर ती थांबव. तिथे दिसतात ते कपडे, सुट्ट्या आणि मित्रमंडळ, म्हणजे शेवटी पैसाच.

यादी पाठवायच्या आधी तीस मिनिटांची फेरतपासणी ठेव. तिघीजणी बसा: रिक्रूटमेंटची प्रमुख, तू आणि एक सल्लागार. कापाकापीच्या रेषेच्या खालची पन्नास नावं घ्या आणि तीनच गोष्टी बघा: दोघींचे गुण आलेत का, दोन गुणांत दोनपेक्षा जास्त अंतर आहे का, कारण लिहिलंय का. ज्या नावांत गडबड दिसेल त्यांवर पुन्हा चर्चा. यात कुणाचा वंश बघायचा नाही. वंशाचा कोटा किंवा वंशासाठी जादा गुण असलं काही कुणी सुचवलं तर ठाम नाही म्हण. ते कायद्याच्या कचाट्यात नेईल आणि आत आलेल्या मुलीच्या कपाळी "कोट्यातली" हा शिक्का कायमचा बसेल. प्रक्रिया सगळ्यांसाठी नीट केली की अन्याय ज्यांच्यावर होत होता त्यांचं आपोआप भलं होतं.

नावांचं एक साधं काम मेमध्येच उरकून टाक. दारात नाव वाचणारी मुलगी अडखळते, हसते, "सॉरी, मी हे बिघडवणार बहुतेक" म्हणते. दहा मिनिटांच्या गप्पांतली दोन तिथेच गेली आणि आपण इथे पाहुणे आहोत हे त्या मुलीला कळलं. विद्यापीठाच्या नोंदणी अर्जात उच्चाराचा रकाना मागून घे. "ज्ञानदा" असेल तर समोर "द्न्या-न-दा" असं इंग्रजीत फोडून लिहिलेलं यादीत येऊ दे आणि सरावाच्या दिवशी सगळ्यांकडून मोठ्याने म्हणवून घे. बावीस कठीण नावांना पंधरा मिनिटं लागतात.

लेगसी, म्हणजे आई-आजी याच सोरोरिटीत होती म्हणून मिळणारं झुकतं माप. 2020 नंतर बऱ्याच राष्ट्रीय संस्थांनी ते नियमातून काढलं आणि शिफारसपत्रांची सक्तीही सोडली. पण नियमातून गेलं म्हणजे खोलीतून गेलं असं नाही. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये लेगसीचा रकाना अजून दिसतो का बघ. दिसत असेल तर मतदानाच्या पडद्यावरून लपवायला सांग.

आणि माजी सभासद. 2013 च्या सप्टेंबरमध्ये अलाबामा विद्यापीठात 'द क्रिमसन व्हाइट' या विद्यार्थी वृत्तपत्राने छापलं की उत्तम गुणांच्या कृष्णवर्णीय मुलीला आत घ्यायला सभासद तयार असताना माजी सभासदांनी मोडता घातला. गदारोळ झाला, विद्यापीठाच्या तेव्हाच्या अध्यक्षा ज्युडी बॉनर यांनी सोरोरिटींना पुन्हा प्रवेश खुले करायला लावले आणि त्या फेरीत कृष्णवर्णीय मुलींना बिड गेल्या. यातून तुला उचलायची गोष्ट कागदाची आहे: सल्लागार माजी सभासदांचा अधिकार लेखी हवा. त्यांनी किमान गुणांची अट आणि नियम तपासावेत, नाव गाळू नये, आणि एखादं नाव थांबवायचंच असेल तर कारण मुख्यालयाला लेखी द्यावं. उपनियमात हे घालायला बहुधा दोन-तृतीयांश मतं लागतात. हा ठराव एप्रिलमध्ये आण. ऑगस्टमध्ये कुणालाही वेळ नसतो.

औपचारिक रिक्रूटमेंट संपल्यावर जागा उरल्या असतील तर वर्षभर थेट बिड देता येते. याला कंटिन्युअस ओपन बिडिंग म्हणतात. कोणत्याही चॅप्टरला हे थोडं कमीपणाचं वाटतं, आणि तिथेच चूक होते. ऑगस्टमध्ये वसतिगृहात लवकर येऊन आठवडाभर राहणं, रोज नवे कपडे, आधीची माहिती हे सगळं ज्यांना जमत नाही, त्या मुली इथेच भेटतात. पाच-सहा जणींचं कॉफीपान, साधे कपडे, तासभर निवांत बोलणं. दहा मिनिटांच्या गोंगाटापेक्षा माणूस कितीतरी जास्त कळतो.

आता पैसा. चॅप्टर जो आकडा सांगतं तो खरा नसतो. उदाहरणादाखल मांडते, तुमचे आकडे खजिनदाराकडून घे. पहिल्या सत्राचे ड्यूज, म्हणजे वर्गणी, 900 डॉलर, प्रवेश आणि इनिशिएशन 350, बॅज 100, घरात न राहणाऱ्यांकडून घेतली जाणारी घराची फी 300. झाले 1650. हे वेबसाइटवर असतं. आता न सांगितलेलं: टी-शर्ट 120, बिग-लिटल आठवड्यातल्या (जुनी सभासद 'बिग' म्हणून नव्या 'लिटल'ची पाठराखीण होते तो आठवडा) भेटवस्तूंची टोपली 200, फॉर्मलचा (नाचाच्या औपचारिक पार्टीचा) ड्रेस आणि गाडी 180, एका वीकेंडची सहल 150. आणखी 650. म्हणजे सांगितलेल्या आकड्यावर जवळजवळ 40 टक्के. ज्या मुलीने आई-बाबांना महत्प्रयासाने 1650 ला तयार केलं, ती पुढच्या 650 साठी तोंड उघडत नाही. ती फॉर्मलला "पोट दुखतंय" म्हणते आणि जानेवारीत राजीनामा देते.

तेव्हा पूर्ण 2300 चा कागद पहिल्या फेरीआधी प्रसिद्ध कर. टोपलीला 30 डॉलरची कमाल मर्यादा घाल. ती कुणी पाळणार नाही असं म्हणतील, पण हाताने बनवलेल्या वस्तूच चालतील असं ठरवलं की पाळतात. सत्राला एकच टी-शर्ट, तोही ड्यूजमध्ये धरलेला. 1650 चे चार हप्ते, व्याज किंवा दंड नाही. शिवाय मदतनिधी: 140 मुलींनी महिन्याला 5 डॉलर दिले तर आठ महिन्यांत 5600 होतात. त्यात 600 डॉलरच्या नऊ सवलती बसतात. अर्ज खजिनदार आणि एक सल्लागार या दोघींनीच बघायचा. सभेत मतदान नको, आभारप्रदर्शन तर मुळीच नको. थकबाकीदारांची नावं सभेत वाचायची किंवा त्यांना कार्यक्रमांना बंदी करायची पद्धत कित्येक चॅप्टरांत आहे. ती बंद झाली नाही तर बाकीचं सगळं वाया.

घरात काय खटकतं ते तू जाणतेसच, पण स्वयंपाकघराशी बोलताना नेमकं बोल. "व्हेज ऑप्शन द्या" म्हटलं की सॅलड मिळतं. हिरव्या शेंगांत बेकन असतं, तांदूळ चिकन स्टॉकमध्ये शिजतो, सीझर ड्रेसिंगमध्ये अँकोव्ही मासा, रिफ्राइड बीन्समध्ये डुकराची चरबी, मार्शमॅलोमध्ये जिलेटिन. शाकाहारी, हलाल आणि कोशर (ज्यूंचे आहारनियम) पाळणाऱ्या मुलींना यातलं बरंच चालत नाही आणि त्या मुकाट्याने पीनट बटर खातात. हाऊस डायरेक्टरकडे या पाच पदार्थांची नावं लिहून दे, प्रत्येक भांड्यापुढे घटकांची चिठ्ठी लावायला सांग. घरात न राहणाऱ्या मुलीही जेवणाचे पैसे भरत असतील तर हा त्यांच्या हिशोबाचाही प्रश्न आहे. आणि स्वयंपाक-सफाई करणाऱ्या बायकांशी तुमच्या मुली कशा बोलतात हे पहिल्यांदा आलेली मुलगी टिपते. पोस्टरपेक्षा ते जास्त वाचलं जातं.

कॅलेंडर जानेवारीतच बघ. 2025 मध्ये गणेश चतुर्थी 27 ऑगस्टला होती, घटस्थापना आणि रोश हशानाची (ज्यूंच्या नववर्षाची) संध्याकाळ दोन्ही 22 सप्टेंबरला. दक्षिणेत ऑगस्ट हा रिक्रूटमेंटचाच महिना. तारखा बदलणं तुझ्या हातात नसेल, पण गैरहजेरीच्या दंडाचा नियम आहे: सात दिवस आधी कळवलं की धार्मिक कारणाला दंड नाही, पुरावा मागायचा नाही. रमजानमध्ये इनिशिएशनचं जेवण सूर्यास्तानंतर ठेवायला काहीही खर्च येत नाही.

बिग-लिटल जोड्या लावताना सावळ्या मुलीला सावळीच "बिग" द्यायचा मोह टाळ. तिने मागितली तर जरूर दे. नाहीतर तिची चॅप्टरमधली ओळख पहिल्या आठवड्यातच तिच्या कातडीशी बांधली जाते.

इतर कौन्सिलांशी वागताना एक हिशोब चुकतो. कृष्णवर्णीय किंवा बहुसांस्कृतिक सोरोरिटीचं चॅप्टर दहा-बारा जणींचंही असू शकतं. 140 च्या चॅप्टरने "अर्धं अर्धं काम करू" म्हणणं न्याय्य वाटतं, पण दरडोई बघितलं तर त्यांच्यावर दहापट बोजा पडतो. पैसा आणि राबणं तुमच्याकडे, विषय आणि मंच त्यांच्याकडे, असं वाट. त्यांचं स्ट्रोलिंग (रांगेतला ठेक्याचा नाच), हातांच्या खुणा, आरोळ्या उचलू नका. आणि त्यांच्याकडे जाऊ पाहणारी मुलगी "आपल्याकडे वळवायची" हा विचार मनात आणू नकोस. दक्षिण आशियाई मुलींच्या तीन सोरोरिटी 1998 या एकाच वर्षी निघाल्या: ऑस्टिनला कप्पा फाय गामा, ह्यूस्टनला डेल्टा फाय ओमेगा, न्यूयॉर्कच्या सेंट जॉन्समध्ये सिग्मा सिग्मा ऱ्हो. एखाद्या मराठी मुलीला तिथे जास्त घरच्यासारखं वाटणार असेल तर तिला तिकडचा पत्ता दे.

बाकी थोडक्यात. ट्रान्सजेंडर मुलींच्या सभासदत्वाचं धोरण मुख्यालय ठरवतं. शिक्षणात लिंगभेदाला मनाई करणाऱ्या 'टायटल नाइन' कायद्यातून सोरोरिटींना 1974 पासून सूट आहे, आणि 2023 मध्ये वायोमिंग विद्यापीठातल्या सोरोरिटीत ट्रान्सजेंडर मुलीला घेतल्याबद्दलच्या खटल्यात फेडरल न्यायाधीशांनी सभासद कुणाला करायचं हा संस्थेचा अधिकार मानून दावा फेटाळला. तुझं काम एवढंच: धोरण लेखी मागव आणि कुणाच्या देहाची चर्चा मतदानाच्या खोलीत होऊ देऊ नकोस. अपंग मुलींसाठी रॅम्प मागच्या दाराला असेल तर त्या दिवशी सगळ्यांनाच त्या दाराने आत घ्या. दारातल्या आरोळ्या आणि टाळ्यांचा कल्लोळ सोसत नाही अशा मुली असतात, त्यांच्यासाठी एक शांत खोली ठेवा. टेक्सासमध्ये 1 जानेवारी 2024 पासून आणि अलाबामात 1 ऑक्टोबर 2024 पासून लागू झालेल्या कायद्यांनी सरकारी विद्यापीठांची डायव्हर्सिटी-इन्क्लुजनची कार्यालयं आणि निधी आवळले. विद्यार्थी संघटनांच्या स्वतःच्या कार्यक्रमांना त्यात बरीच मोकळीक आहे, पण कोणता पैसा वापरता हे विद्यापीठाला आधी विचार.

शेवटी तुझ्या पदाबद्दल. या खुर्चीवर सावळी मुलगी बसवायची आणि मग सगळं तिच्याच गळ्यात घालायचं, ही जुनी खोड आहे. कार्यकारिणीत मत, लिखित अंदाजपत्रक आणि रिक्रूटमेंट समितीत जागा, हे तिन्ही जानेवारीतच मागून घे. मिळालं नाही तर कामाची यादी निम्मी कर आणि का केली ते इतिवृत्तात नोंदव. डिसेंबरात पद सोडताना चार रकान्यांची मोजणी, दारातल्या गुणांची कारणं लिहायचा नमुना, 2300 चा कागद आणि स्वयंपाकघराची चिठ्ठी एकाच फोल्डरमध्ये ठेव, आणि तो स्वतःच्या ईमेलवर न ठेवता चॅप्टरच्या खात्यावर ठेव. तुझ्यानंतर येणाऱ्या मुलीला पासवर्ड मिळेस्तोवर मार्च उजाडतो.